मुंबई फुगली की सरकली? जनगणनेच्या मोफत तक्त्यांचं परीक्षण

मुंबई महानगर प्रदेशातली माणसं कुठून कुठे चालली आहेत, हे आकड्यांनिशी सांगायचं तर विश्वासाचा माल एकाच दुकानात मिळतो, आणि ते दुकान सरकारी आहे. भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या संकेतस्थळावर २०११ च्या जनगणनेचे तक्ते एक्सेलमध्ये ठेवलेले आहेत. दाम शून्य. माल मात्र जुना. घरोघरची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत झाली आणि १ मार्च २०११ हा संदर्भ धरला गेला. २०२१ ची फेरी झालीच नाही. पुढच्या मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे सोळा वर्षांच्या अंतरात जो कोणी मुंबईच्या लोकसंख्येवर लिहील, बोलेल किंवा प्रकल्प अहवाल करील, त्याचं भांडवल हेच.

पाचपैकी गुण द्यायचे तर बारकाव्याला साडेचार, मांडणीला दोन, ताजेपणाला एक. हद्दी कुठे बदलल्या हे गिऱ्हाइकाला वेळेवर सांगण्याला फक्त अर्धा. बहुतेक चुका या शेवटच्या रकान्यातच होतात. माणसं मोजताना जेवढी गफलत होते, त्याहून जास्त गफलत 'मुंबई' म्हणजे नेमकं काय, हे न ठरवता बेरीज केल्याने होते.

आधी हे ठरवा, की तुम्हाला कोणती मुंबई हवी आहे. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीतली बृहन्मुंबई १,२४,४२,३७३ लोकांची होती. जनगणनेने आखलेला बृहन्मुंबई नागरी समूह १,८३,९४,९१२ लोकांचा. नियोजनासाठी आखलेला महानगर प्रदेश तेव्हाच्या हद्दीत सुमारे २.२८ कोटींचा. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही 'मुंबईची लोकसंख्या' म्हणून बिनदिक्कत छापले जातात. एका लेखात पहिल्या परिच्छेदात एक आणि तिसऱ्यात दुसरा आकडा आला की घनता, घरांची गरज, पाण्याची मागणी, सगळंच कोसळतं.

नागरी समूहाच्या आकड्याची फोड स्वतः करून पाहणं ही या तक्त्यांची सगळ्यात चांगली चाचणी. ए-४ हा तक्ता उघडा. त्यात शहरं आणि नागरी समूह लोकसंख्येच्या वर्गवारीने आहेत आणि १९०१ पासूनचा चढउतारही आहे. बृहन्मुंबई समूहात २०११ ला आठ शहरं होती : बृहन्मुंबई १,२४,४२,३७३, ठाणे १८,४१,४८८, कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७, नवी मुंबई ११,२०,५४७, मीरा-भाईंदर ८,०९,३७८, उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५, बदलापूर १,७४,२२६. बेरीज १,८३,९४,९१२ आली पाहिजे. एकाचाही फरक आला तर कुठेतरी अंतरिम (म्हणजे अंतिम होण्याआधी घाईने जाहीर झालेला) आकडा शिरला आहे असं समजा आणि तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता या यादीत कोण नाही ते बघा. वसई-विरार नाही (१२,२२,३९०). भिवंडी-निजामपूर नाही (७,०९,६६५). पनवेलही नाही. चर्चगेटला रोज उतरणारा विरारकर जनगणनेच्या लेखी मुंबईच्या नागरी समूहाबाहेरचा, आणि बदलापूरहून सीएसएमटीला येणारा आतला. नागरी समूह ठरतो तो वस्ती एकमेकीला लागून आहे का आणि ती कोणत्या शहराभोवती धरायची, यावर. लोकल कुठवर जाते हा त्याचा निकष नाही. वसई-विरार आणि भिवंडी धरली तर आकडा २,०३,२६,९६७ होतो, म्हणजे दोन कोटींची रेषा ओलांडतो. 'मुंबईने दोन कोटी गाठले का?' या प्रश्नाचं उत्तर २०११ पुरतं तरी दोन शहरं आत घेण्या-न घेण्यावर आहे.

हाच ए-४ तक्ता २००१ शी जोडला की खरी गोष्ट दिसते. त्याच आठ शहरांचा समूह २००१ मध्ये १,६४,३४,३८६ होता. दहा वर्षांत १९,६०,५२६ माणसं वाढली. त्यांपैकी बृहन्मुंबईत किती? ४,६३,९२३, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. उरलेले जवळजवळ पंधरा लाख ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर आणि पुढच्या पट्ट्यात. बृहन्मुंबईची वाढ ३.८७ टक्के, नवी मुंबईची ५९.२, मीरा-भाईंदरची ५५.५, ठाण्याची ४५.९, बदलापूरची ७७.९ टक्के. आकडा लहान असलेल्या शहराची टक्केवारी भराभर चढते हे ध्यानात ठेवून बदलापूरकडे बघावं. तिथली प्रत्यक्ष वाढ ७६,२७८ माणसांची होती. ठाण्यात ती ५,७८,९३७ होती.

बृहन्मुंबईच्या पोटात शिरलं तर दोन जिल्हे उलट दिशांना चाललेले दिसतात. मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला, म्हणजे २,५२,६२० माणसं कमी झाली. उपनगर जिल्हा ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ झाला. शहराच्या घसरणीची बातमी २०११ मध्ये नवलाची म्हणून छापली गेली, पण ए-२ तक्त्यात मागे गेलं तर नवल उरत नाही. १९७१ मध्ये शहरात ३०.७ लाख होते, १९८१ मध्ये ३२.९, १९९१ मध्ये ३१.७, २००१ मध्ये ३३.४ लाख. चाळीस वर्षं हा आकडा तीस ते चौतीस लाखांत हेलकावे खातो आहे. दरम्यान १९८२ चा गिरणीसंप झाला, गिरण्या बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायची वाट दिली आणि लोअर परळच्या चाळींशेजारी कचेऱ्यांचे मनोरे आले. घर विकून किंवा पागडी सोडून बाहेर पडलेलं कुटुंब डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा अशा ठिकाणी गेलं. ही कारणं तक्त्यात लिहिलेली नसतात. तक्ता फक्त घट दाखवतो, तिचा अर्थ बाहेरून आणावा लागतो.

लिंगगुणोत्तराचा रकाना मात्र स्वतःच बोलतो. शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे २००१ मध्ये ७७७ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ८३२. उपनगरात ८२२ वरून ८६०. एकट्या पुरुषाने खोलीवर राहायचं आणि बायको-मुलं गावी ठेवायची, हा जुना मुंबईचा घाट मोडत चालल्याची ही खूण आहे. खाणावळींची आणि गाळ्यांची मुंबई ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दोन आकडे पुष्कळ काही सांगतील.

आता डाउनलोडचं काम. संकेतस्थळाच्या डेटा कॅटलॉगमध्ये तक्ते मालिकेच्या अक्षराने लावलेले आहेत : ए म्हणजे एकूण लोकसंख्या, बी कामकरी, सी सामाजिक-सांस्कृतिक, डी स्थलांतर, एफ जननक्षमता, एचएच कुटुंबं आणि वेगळी घरयादी. शोधपेटीत मराठी उच्चाराच्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्राचा संकेतांक २७, ठाणे ५१७, मुंबई उपनगर ५१८, मुंबई ५१९, रायगड ५२०. रायगडचं नाव तिथे 'रायगढ' अशा स्पेलिंगने आहे, त्यामुळे नावाने शोधलं तर जिल्हा हरवतो, संकेतांकाने शोधा. सी आणि डी मालिकेच्या फाइलींच्या नावातच राज्याचा संकेतांक असतो, 'डीडीडब्ल्यू-२७००सी-१४' असा. तेवढं पाहिलं तरी दुसऱ्याच राज्याची फाइल उघडण्याचा फेरा वाचतो.

सगळ्यात कामाची फाइल म्हणजे प्राथमिक जनगणना सार, ज्याला सगळे पीसीए म्हणतात. त्यात कुटुंबं, एकूण स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, मुख्य आणि सीमांत (वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलेले) कामकरी अशी रांग आहे, आणि शहरांसाठी ती वॉर्डापर्यंत उतरते. नवशिके इथेच घसरतात. एकाच पानावर राज्य, जिल्हा, तालुका, शहर आणि वॉर्ड अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. अख्खा रकाना निवडून बेरीज मारली की लोकसंख्या तिप्पट-चौपट निघते. 'लेव्हल' नावाच्या रकान्याला आधी फिल्टर लावा. मग 'टीआरयू' रकाना पाहा. त्यात एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी असतात. एकूण घेतलीत तर बाकी दोन सोडा. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत ग्रामीण काहीच नाही, त्यामुळे तिथे ही चूक नजरेत भरत नाही. ठाणे आणि रायगडात ती हमखास होते.

दुसरा खड्डा बृहन्मुंबईचाच. महापालिका एक आणि जिल्हे दोन, म्हणून शहरनिहाय पीसीएमध्ये बृहन्मुंबई दोनदा येते, नावापुढे 'पार्ट' लिहून. घाईत एकच ओळ उचलली की मुंबई तीस लाखांची किंवा त्र्याण्णव लाखांची होते. दोन्ही जोडा. तिसरा खड्डा एक्सेलचा. संकेतांकांच्या पुढची शून्यं एक्सेल गिळतो आणि मग दोन फाइली संकेतांकाने जोडताना अर्ध्या ओळी जुळत नाहीत. फाइल उघडल्याबरोबर संकेतांकांचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून आणा.

वॉर्ड म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ए पासून टी पर्यंतचे महापालिकेचे २४ प्रशासकीय विभाग येतात. निवडणुकीवाल्याच्या डोळ्यांपुढे २२७ प्रभाग. जनगणनेचे वॉर्ड या दोन्हींपैकी एकाशीही सरळ जुळतील असं धरून चालू नका. विभागनिहाय आकडे लागत असतील तर महापालिकेने जनगणनेवरूनच काढलेली विभागवार यादी वापरा. तिच्यात डोंगरी-मशीद बंदरचा बी विभाग सुमारे १.२७ लाखांचा आणि मालाडचा पी उत्तर सुमारे ९.४ लाखांचा दिसतो. विभाग म्हणून दोघांचा दर्जा सारखाच, डोकी मात्र सातपटीहून अधिक. 'दर विभागी एक दवाखाना' अशा योजनेचं गणित कुठे चुकतं, ते या दोन ओळींत आहे.

घनतेचा रकाना तर जपूनच हाताळावा. जनगणनेत मुंबई शहराची घनता दर चौरस किलोमीटरला १९,६५२ आणि उपनगराची २०,९८०. म्हणजे भुलेश्वर-गिरगावपेक्षा बोरिवली-मुलुंड दाट! हे विपरीत उत्तर क्षेत्रफळातून येतं. जनगणनेने शहर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर धरलं आहे. महापालिकेच्या कागदावर शहर विभाग सुमारे ६८ चौरस किलोमीटरचा आहे. भाजक ६८ घेतला की घनता ४५ हजारांच्या वर जाते. त्यामुळे घनता तयार रकान्यातून न उचलता, लोकसंख्या जनगणनेची आणि क्षेत्रफळ तपासलेलं, असा भागाकार स्वतः करा आणि कोणतं क्षेत्रफळ घेतलं ते तळाशी लिहा. उपनगरातही राष्ट्रीय उद्यान, खाड्या, मिठागरं वगळली की चित्र वेगळं होतं.

हद्दींचा सगळ्यात बोलका नमुना कल्याण-डोंबिवलीचा. २००१ मध्ये ११,९३,५१२ आणि २०११ मध्ये १२,४७,३२७, म्हणजे वाढ अवघी ४.५ टक्के. ज्या दशकात ठाणे ४६ टक्क्यांनी आणि बदलापूर ७८ टक्क्यांनी वाढलं, त्याच दशकात मधली डोंबिवली थांबली? लोकलच्या गर्दीला विचारलं तरी उत्तर मिळेल. मधल्या काळात, २००२ मध्ये, २७ गावं महापालिकेतून वगळली गेली होती. २००१ च्या आकड्यात ती आहेत, २०११ च्या आकड्यात नाहीत. २०१५ मध्ये ती परत घेतली गेली. म्हणजे २०२७ चा आकडा आला की उलटा गोंधळ होईल : सोळा वर्षांची वाढ खऱ्यापेक्षा मोठी दिसेल. तक्त्यातल्या शहराच्या ओळीत या घटनेचा मागमूस नाही. तो शोधायला जिल्हा जनगणना पुस्तिका उघडावी लागते. तिच्या 'अ' भागात गाव-शहर निर्देशिका आणि 'ब' भागात गाव-शहरवार पीसीए असतं, आणि हद्दीतले बदल तिथे नोंदलेले असतात. पुस्तिका पीडीएफमध्ये आहे, जड आहे, पण तक्त्याआधी तीच वाचायला हवी.

ठाणे जिल्ह्याचंही तसंच. २०११ मध्ये १,१०,६०,१४८ लोकांचा हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. दशकातली वाढ ३६ टक्के. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुन्या ठाण्याचे पंधरा तालुके वाटले गेले : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा पालघरकडे आणि ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर ठाण्याकडे. २०११ चे आकडे तालुक्यांवरून नव्याने जोडले तर ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६ होतो. हे काम एकदाच करायचं आणि फाइल जपून ठेवायची. प्रत्येक तक्ता मात्र तालुक्यापर्यंत उतरत नाही. सी आणि डी मालिकेत बरेच तक्ते जिल्ह्यावरच थांबतात, आणि तिथे जुन्या ठाण्याची फोड करता येत नाही. मोखाड्याचा आदिवासी पाडा आणि घोडबंदर रोडवरचा तीस मजली टॉवर एकाच सरासरीत बसवलेले सापडतात.

मातृभाषेचा सी-१६ तक्ता सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ४५.२ लाख होते, २०११ मध्ये सुमारे ४४ लाख. हिंदीवाले सुमारे २५.९ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. गुजराती १४.३ लाखांच्या आसपास स्थिर. उर्दू सुमारे १६.९ वरून १४.६ लाख. यावर भाषणं झाली, अग्रलेख झाले. पण 'हिंदी' या ओळीखाली भोजपुरी, राजस्थानी, मारवाडी अशा पुष्कळ मातृभाषा एकत्र बांधलेल्या आहेत. आपल्या बाजूलाही तसंच आहे : मालवणी कोकणीच्या गटात जाते आणि अहिराणी खानदेशीच्या. लालबाग-परळच्या एखाद्या घराने प्रगणकाला 'मालवणी' सांगितलं असेल तर ते घर मराठीच्या बेरजेत नाही. गटाची बेरीज आणि पोटातल्या ओळी दोन्ही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि फक्त मुंबईचे दोन जिल्हे पाहून थांबू नका. शहराबाहेर गेलेलं मराठी कुटुंब ठाण्याच्या सी-१६ मध्ये सापडायला हवं, म्हणून ५१७, ५१८ आणि ५१९ तिन्ही शेजारी मांडा. हा तक्ता बाहेर यायलाही २०१८ उजाडलं होतं, म्हणजे ताजा म्हणून मिळाला तेव्हाच तो सात वर्षांचा होता.

स्थलांतराच्या डी मालिकेत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. डी-१ जन्मस्थानावरून मोजतो, डी-२ मागच्या वास्तव्यावरून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि बाळ तीन महिन्यांनी मुंबईत आलं, तर ते बाळ जनगणनेच्या व्याख्येने स्थलांतरित; 'जन्मानंतर स्थलांतर' असा कारणांचा वेगळा रकानाच आहे. त्यामुळे एकूण स्थलांतरितांचा आकडा घेऊन 'बाहेरून आलेले लोंढे' असं म्हणणं शुद्ध अज्ञान आहे. डी-३ मध्ये कारणं आहेत : काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर. काम हे कारण पुरुषांच्या रकान्यात बघावं, लग्न स्त्रियांच्या. शिवाय कालावधी बघावा : एक वर्षाच्या आत, १ ते ४, ५ ते ९, १० ते १९, वीसहून अधिक. वीस वर्षांहून जुना स्थलांतरित हा अलीकडच्या बदलाचा पुरावा होऊ शकत नाही.

आणखी एक मेख. व्याख्या गाव किंवा शहर बदलल्याची आहे. गिरगावातलं बिऱ्हाड बोरिवलीला गेलं तर शहर तेच, म्हणून ते स्थलांतर नाही. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडचं घर सोडून पलीकडे ठाण्यात गेलं, दोन किलोमीटरही नाही, तरी ते स्थलांतर, तेही आंतरजिल्हा. महानगरातली खरी उलथापालथ या दोन प्रकारांत आहे, आणि त्यातला पहिला या तक्त्यांना दिसतच नाही.

झोपडपट्टीच्या आकड्यावर थोडक्यात. बृहन्मुंबईत २००१ मध्ये सुमारे ५४ टक्के लोक झोपडपट्टीत मोजले गेले, २०११ मध्ये सुमारे ४२ टक्के. झोपडपट्टी गट धरायला किमान तीनशे माणसं किंवा ६०-७० कुटुंबांची सलग वस्ती लागते. त्याहून लहान पुंजके सुटतात. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या इमारतीत गेलेलं कुटुंब झोपडपट्टीच्या रकान्यातून बाहेर पडतं, मग इमारतीत हवा-उजेड असो वा नसो. बारा टक्क्यांची घट जशीच्या तशी सुधारणा म्हणून विकू नये. वयाच्या आकड्यांसाठी सी-१३ ऐवजी सी-१४ घ्या. सी-१३ मध्ये एकेक वर्षाचं वय आहे, पण लोक वय शून्यावर किंवा पाचावर संपणारं सांगतात, त्यामुळे ३०, ३५, ४० वर उंचवटे येतात. पाच वर्षांच्या गटात ते बरेचसे दबतात.

पर्याय काय? जन्मदर-मृत्युदर काढणारी सरकारी नमुना नोंदणी पद्धत राज्यापर्यंतच उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं (२०१९-२१) आरोग्यासाठी उत्तम, पण ते नमुना सर्वेक्षण आहे. डोकी मोजायला निरुपयोगी. २०२० मध्ये आलेले सरकारी तांत्रिक गटाचे २०११ ते २०३६ चे लोकसंख्येचे अंदाज राज्याचे, शहरी-ग्रामीण फोडीसह, जिल्हा नाही. जन्म-मृत्यू नोंदणी जिल्ह्याची मिळते, पण जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो. नालासोपाऱ्याची बाई कांदिवलीच्या रुग्णालयात बाळंत झाली की जन्म मुंबईचा. त्यावरून काढलेला जन्मदर मोठ्या रुग्णालयांच्या शहरात फुगतो आणि भोवतीच्या शहरांत आक्रसतो. दर सेकंदाला आकडा पळवणारी 'आजची मुंबई' छापाची पानं म्हणजे जुन्या आकड्याला वाढीचा दर लावून केलेलं लांबण. नागरी समूहाचा अंदाज आणि महापालिकेचा नकाशा त्यांत एकत्र शिजवलेला असतो. जनगणनाही निर्दोष नाही. मोजणीनंतरच्या पडताळणीत देशभरात दर हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं होतं. पण त्या चुकीचा आकार निदान मोजलेला आहे.

अंतरिम आकड्यांपासून मात्र लांब राहा. २०११ च्या वसंतात बृहन्मुंबईचा आकडा १,२४,७८,४४७ असा जाहीर झाला होता. अंतिम आकडा त्याहून ३६,०७४ ने कमी आहे. अनेक खासगी पानांवर आजही तो पहिलाच आकडा फिरतो. वाढ ३.८७ ऐवजी ४.१७ टक्के दिसली की दोन फाइलींची सरमिसळ झाली असं ओळखावं.

२०२५ मध्ये मुंबईच्या २२७ प्रभागांची रचना याच २०११ च्या डोक्यांवर झाली. म्हणजे माल शिळा असला तरी पंगत अजून त्याच्यावरच चालू आहे. २०२७ साठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. म्हणून पुढच्या तक्त्यांत २०१६ ला झालेली पनवेल महापालिका पहिल्यांदाच येईल, पालघर स्वतंत्र जिल्हा म्हणून येईल, २७ गावं कल्याण-डोंबिवलीत असतील. तयारी आत्ताच करायची तर एक्सेलचं एक पान पुरे : डाव्या रकान्यात २०११ चं शहर किंवा गाव आणि त्याचा संकेतांक, मधे २०११ ची लोकसंख्या, उजवीकडे ३१ डिसेंबर २०२५ ला ते कोणत्या जिल्ह्यात, तालुक्यात आणि महापालिकेत आहे. पनवेलच्या ओळी भरताना जुन्या नगरपरिषदेचे १,८०,०२० लोक आणि तिला जोडलेली गावं वेगवेगळी ठेवा, नाहीतर नवी महापालिका कित्येक पटींनी 'वाढलेली' दिसेल. नव्या नागरी समूहाची यादी आली की वसई-विरार, भिवंडी किंवा पनवेल आत आली का ते आधी पाहा. आली असली, तरी वरच्या आठ शहरांची बेरीज वेगळ्या ओळीत मांडा आणि १,८३,९४,९१२ शी तुलना तिचीच करा.